सतरा नंबरचा दिवा

हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकदा असोद्याला देवळात एकटाच होतो, तेव्हा मनातल्या मनात म्हणून पाहिलं — तिथंही अर्ध्यावर थांबलो आणि चपला घालून बाहेर आलो. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

मी वायरमन आहे. वय चोपन्न. मला आकडे लिहून ठेवायची सवय आहे — चांगली की वाईट ते शेवटी तुम्हीच ठरवा. घरातल्या सिलिंडरवर लावल्याची तारीख खडूने लिहितो. कूलरचा पंप किती उन्हाळे चालला ते मला तोंडपाठ असतं. बायको हसते. म्हणते, ‘‘आपल्या लग्नाला किती तास झाले तेही सांगा.’’ मी खरंच हिशेब करून सांगितले होते.

असा माणूस खोटं बोलत नाही असं लोक धरून चालतात. मीसुद्धा धरून चालत होतो.

तेव्हा मी जळगाव-धुळे रस्त्यालगतच्या एका जिनिंगमध्ये कामाला होतो. नाव लिहीत नाही. तिथं कापसातून सरकी वेगळी काढतात आणि रुईच्या गाठी बांधतात. हंगाम दिवाळीपासून साधारण एप्रिल अखेरपर्यंत. त्या सहा महिन्यांत मशीन थांबत नाही. रात्रपाळी, दिवसपाळी, सगळं सलग. शेड पत्र्याची, उंच आणि बंद. खिडक्या ठेवल्या तर वाऱ्याने रुई उडते. म्हणून आत दिवसाही अंधार — आणि दिवसाही दिवे.

चोवीस दिवे होते. मेटल हॅलाइडचे, चारशे वॅटचे. साध्या बल्बमध्ये तार तापते आणि उजेड पडतो. या दिव्यात तार नसते. मोठ्या काचेच्या आत बोटाएवढी एक नळी असते, नळीत पारा आणि थोडे क्षार. वीज त्या वाफेतून जाते आणि वाफच उजळते. नळीत दाब असतो, आणि ती इतकी तापते की दिवा एकदा विझला की दहा-पंधरा मिनिटं निवल्याशिवाय पुन्हा लागत नाही.

तुम्हाला वाटेल, हा दिव्यांचं काय सांगत बसला? मी टाळतोय का? टाळतोय. पण दिवे सांगितल्याशिवाय पुढचं सांगताही येत नाही.

पहिल्या हंगामात चोवीसपैकी नऊ दिवे गेले. मला ते फार लागलं. मी शिडी लावून वर थर्मामीटर बांधला. बाहेर त्रेचाळीस होतं तेव्हा पत्र्याखाली, दिव्याच्या डब्याजवळ, एकसष्ट. डब्याला खालून जाड काच बसवलेली. काचेवर रुईचा थर. आतली उष्णता आतच. दिवा स्वतःच्याच उष्णतेत शिजत होता. होल्डर करपत होते, चोक भाजत होते.

मग मी काचा काढल्या. चोवीसही.

हे कोणी सांगितलं नव्हतं. माझंच डोकं. पुढच्या हंगामात फक्त दोन दिवे गेले. उजेडही वाढला. शेठने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाले, ‘‘शिकलेले इंजिनियर आले असते तर मला नवी शेड बांधायला सांगितली असती. आपल्या भाऊने एका पान्यावर काम भागवलं.’’ मी घरी जाताना वाटेत जिलेबी घेतली. अजून आठवतं — पाव किलो.

आणि मी वही सुरू केली. प्रत्येक दिव्याला नंबर, प्रत्येकाचे तास. रोज सकाळी आठला आकडे चढवायचे. मुकादम हिरामण येताजाता चिडवायचा, ‘‘काय वायरमन भाऊ, आज कोणाचं बारसं?’’ कापसाच्या गंजीवर काम करणाऱ्या बायका हसायच्या. त्यात जमना होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेली, नवरा गुमान आणि ती, दोघं त्याच कामावर. शेडच्या दाराशी कापसाची गंजी असायची. वर चढून, कापूस पायांनी मोकळा करून तो ओढणाऱ्या पाइपकडे लोटायचा — दिवसभर तेच. ती एकदा वरून ओरडली, ‘‘भाऊ, मना बी तास लिख ना त्या वहीमा! मी बी बारा बारा तास चालू शे!’’ सगळी शेड हसली. मीही हसलो. लिहिलं काहीच नाही.

त्या काचांबद्दल एक गोष्ट राहिली. दिव्याच्या खोक्यात एक कागद येतो. बारीक अक्षरातला. कोणी वाचत नाही. मी वाचतो — मी वाचला होता. त्यात लिहिलं होतं की हा दिवा फक्त काच लावलेल्या बंद डब्यातच वापरावा. सलग चालवत असाल तर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं बंद ठेवावा. आणि तास भरले की, जळत असला तरी, काढून टाकावा. कारण म्हातारी झालेली नळी कधी कधी फुटते, आणि फुटली की तापलेले तुकडे खाली पडतात.

खाली काय होतं? खाली कापूस होता.

मला हे माहीत होतं. ‘ठाऊक नव्हतं’ असं मी कधीही म्हणणार नाही. कागद मी दोनदा वाचला होता आणि पहिल्यांदा वाचला तेव्हा काचा अजून जागेवर होत्या. मग का काढल्या? कारण नऊचे दोन झाले. आठवड्याची पंधरा मिनिटं मी एकदा विचारली होती. शेठ म्हणाले, ‘‘पुन्हा पूर्ण उजळायला आणखी पंधरा, म्हणजे अर्धा तास मशीन उभं?’’ मी पुन्हा विचारलं नाही. तिसरी गोष्ट — तास भरले की दिवा काढणं — ती तर एकट्या माझ्या हातात होती.

आणि इथं सतरा नंबर येतो.

सतरा नंबर दाराच्या वर होता. तिथं थोडी हवा खेळायची. बाकीच्यांपेक्षा तो थंड राहायचा, म्हणून टिकला. खोक्यावर आयुष्य बारा हजार तास लिहिलेलं. पाचव्या हंगामात सतरा नंबर एकोणीस हजारांवर गेला. तुम्हाला कसं सांगू? मला त्याचा अभिमान होता. शर्यतीत आपला बैल पुढे असावा तसं वाटायचं. सकाळी शेडमध्ये शिरलो की आधी मान वर करून तो पाहायचो. मनात एक आकडा धरला होता — वीस हजार. वीस हजार झाले की काढायचा, वहीत लाल शाईने लिहायचं.

शेवटच्या आठ दिवसांत त्याचा रंग बदलला. पांढऱ्याचा गुलाबीसर झाला. मधूनच विझायचा, निवून पुन्हा लागायचा. नळी आतून काळवंडली होती. चोक गुणगुणत होता. ही सगळी लक्षणं मला माहीत होती. नवा दिवा कपाटात तयार होता. शिडी भिंतीला टेकलेली होती. वीस मिनिटांचं काम. छप्पन्न तास उरले होते, आणि मी म्हटलं — परवा काढू.

एप्रिलची दुपार. चार वाजून दहा मिनिटं. मी पॅनलपाशी, दाराकडे पाठ करून. मागे ‘फट्’ असा आवाज झाला. फार मोठा नाही. कागदाची पिशवी फुगवून फोडतात तेवढा.

कापसाची आग जागच्या जागी पेटत नाही. ती सांडते. घागर लवंडल्यासारखी गंजीच्या वरून ती एका क्षणात पलीकडे गेली. जमना वर होती.

गुमान त्याच वेळी दारातून आत येत होता. तो बिडी ओढायचा, पण शेडमध्ये कधीच नाही. रोज चारला फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जायचा, ओढायचा, चपलेने विझवून यायचा. मी पाच हंगाम ते पाहिलं होतं. तो आला तेव्हा त्याच्या कानावर एक बिडी होती, न पेटवलेली, नंतरची. तो धावत गंजीवर चढला. तिचं लुगडं त्याने हातांनी विझवलं. नुसत्या हातांनी.

आग अर्ध्या तासात आटोक्यात आली. शेड वाचली. जमना तिसऱ्या दिवशी गेली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

तिला जीपमध्ये घालून नेलं तेव्हा फाटकापाशी सगळे गोळा झाले होते. शेडमध्ये मी एकटाच उरलो होतो. मी शिडी लावली. सतरा नंबरच्या होल्डरमध्ये नुसतं पितळी बूड राहिलं होतं. ते फिरवून काढलं. नवा दिवा बसवला. मग गोदामातून काचा आणल्या आणि दारापासच्या सहा डब्यांना बसवल्या. बाकीच्या अठरा पुढच्या दोन दिवसांत. राखेत नळीचा एक तुकडा सापडला, नखाएवढा, वाकडा. तो मागच्या गटारात टाकला. स्क्रू मी ओळीने, मोजून बसवले.

आणि वही उघडली. सतरा नंबरपुढे लिहिलं — ‘बदलला’. तारीख घातली दोन दिवस आधीची. त्या वहीत तेवढी एकच नोंद खोटी आहे.

बाहेर आलो तर हिरामण मुकादमाने गुमानच्या खिशातून बिडीचं बंडल काढून सगळ्यांना दाखवलं होतं. तो म्हणत होता, ‘‘किती वेळा सांगितलं या लोकांना! किती वेळा!’’ आणि त्याने गुमानच्या थोबाडीत मारली. गुमानचे दोन्ही हात ओल्या फडक्यात गुंडाळलेले. कोणीतरी म्हणालं, हा चारलाच बिडी ओढून आत आला. ते खरंच होतं.

शेठने मला बाजूला घेतलं. हळू आवाजात विचारलं, ‘‘भाऊ, वायरिंगचं तर काही नाही ना?’’

मी म्हणालो, ‘‘वायरिंग ठीक आहे.’’

वायरिंग ठीकच होतं. एकाही तारेत दोष नव्हता. मी खोटं बोललो नाही — हे मी त्या रात्री स्वतःला किती वेळा सांगितलं, ते मात्र मोजलेलं नाही.

विम्याचा माणूस आला. त्याने दिवे पाहिले, काचा पाहिल्या, माझी वही चाळली. म्हणाला, ‘‘इतकी टापटीप नोंद मी कुठल्या जिनिंगमध्ये पाहिली नाही.’’ कागदावर कारण लागलं — बिडीची ठिणगी. गुमानला त्याच आठवड्यात घालवलं. त्याच्या पाड्यावरची बारा माणसं होती, तीही गेली. पुढच्या हंगामात मुकादमाने त्या बाजूचं एकही माणूस आणलं नाही. शेडच्या दाराला नवी पाटी लागली — धूम्रपान करू नये. ती मीच ठोकली. चार खिळे.

मी तिथं आणखी सहा वर्षं काम केलं. दिव्यांचं सगळं नीट करत होतो. काचा दर आठवड्याला पुसल्या. तास भरले की दिवा काढला. आठवड्याची पंधरा मिनिटंही मिळवली — आगीनंतर शेठ नाही म्हणाले नाहीत. त्यानंतर एकही दिवा फुटला नाही. सगळं इतकं सोपं होतं. इतकं सोपं होतं, हेच तर सहन होत नाही.

सहाव्या वर्षी शेठने सगळे दिवे काढून एलईडी बसवले. जुने डबे भंगारात देण्यासाठी मी खाली उतरवत होतो. एका डब्यात आत चिकटलेली रुई होती, जळून तपकिरी झालेली. त्या दिवशी मी दुपारी घरी आलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी शिरपूरची बस धरली. पुढे जीप. पुढे पायी.

गुमान झोपडीपुढे बसला होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. ‘‘वायरमन भाऊ!’’ म्हणाला आणि उठून उभा राहिला. त्याचे हात — उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून वळली होती. डाव्याने तो तांब्या धरू शकत होता. त्या तांब्यातून त्याने मला पाणी दिलं. म्हणाला, ‘‘सहा वरीसमा तठला कोनी उना नही. तू उना.’’ तिकडचं कोणीतरी आलं, याचं त्याला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं, तोंडावर दिसत होतं.

मी ठरवून गेलो होतो. बसमध्ये वाक्यही जुळवलं होतं. ‘गुमान, ती आग तुझ्या बिडीने लागली नाही, माझ्या दिव्याने लागली.’ एवढंच. मोजून दहा शब्द.

त्याने बिडी सोडली होती. त्याच दिवसापासून. म्हणाला, पोरगी लग्न होऊन शेजारच्या पाड्यावर गेली, पण येत नाही. मायला बापाने जाळलं म्हणते. नातू झाला, तो दाखवायलाही आणला नाही. सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ‘‘तिनं बरोबर शे, भाऊ,’’ म्हणाला.

मग तो माझ्याकडे वळला. त्याने मला विचारलं. मी आठवून लिहितोय, शब्द जसेच्या तसे: ‘‘भाऊ, तू तठेच व्हता ना? तू देखं का? मनीच बिडी व्हती ना?’’ बिडी आपलीच होती ना, हे तो मला विचारत होता.

तुम्ही सांगा, याहून सोपं कोणी काय करून देणार? दार उघडून दिलं होतं त्याने. मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं. एक वाक्य — आणि पोरगी बापाकडे आली असती. नातू त्याच्या मांडीवर बसला असता. त्या वळलेल्या हातांना निदान एवढं तरी कळलं असतं की त्यांनी जाळलं नव्हतं, विझवलं होतं.

मी म्हणालो, ‘‘मी पाठमोरा होतो रे. मी पाहिलं नाही.’’

मी पाहिलं नव्हतं. मी ऐकलं होतं. त्याने ‘देखं का’ विचारलं होतं, ‘ऐकलं का’ विचारलं नव्हतं. असा माणूस आहे मी. माझं प्रत्येक वाक्य तपासून घ्या, खरं निघेल.

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, ‘‘मनीच व्हती.’’ जणू माझीच समजूत घालत होता. निघताना त्याने मला शेंगा बांधून दिल्या. मी घेतल्या. घरी येऊन बायकोला सांगितलं, जुन्या ओळखीच्या माणसाने दिल्या. तिने भाजल्या. आम्ही खाल्ल्या.

याला आता पाच वर्षं झाली. गुमान आहे अजून. गेल्या महिन्यात तिकडून आलेल्या एका मजुराला मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं. आहे म्हणाला. एकटाच असतो. पोरगी अजून येत नाही.

जळगावहून शिरपूरची बस सकाळी मिळते. संध्याकाळी परतही येता येतं. मला नोकरी नाही, पोरं मार्गी लागली आहेत, गुडघे धड आहेत. अटक होईल, लोक थुंकतील, असली भीती आता फारशी उरलेली नाही. मग काय अडतं? मी बरेचदा बसून शोधलं. काही अडत नाही. मी जात नाही, एवढंच आहे. त्याला एकदा तोंडावर टाळल्यानंतर आता सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागतील, आणि दुसरी पहिलीपेक्षा जड आहे. न गेलेल्या प्रत्येक वर्षाची त्यात आणखी भर. पुढच्या वर्षी किती होतील?

म्हणून इथं लिहिलं. इथं सोपं आहे. गुमानला वाचता येत नाही. त्याच्या पोरीला येतं, सातवीपर्यंत शिकली आहे ती. म्हणून नावं मी बदलली आहेत.